लोहार, प्रयोगशाळा आणि मासिक: डॅनिश पवनचक्कीचे प्रकरण

१९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या उत्तर समुद्रकाठी, कायझर-विल्हेल्म-कोग येथे ‘ग्रोवियान’ नावाची पवनचक्की उभी राहिली. क्षमता ३ मेगावॅट, दोन पाती, चक्राचा व्यास १००.४ मीटर. सरकारी पैसा, मोठ्या कंपन्या, विद्यापीठातले तज्ज्ञ असे सगळे तिच्यामागे होते. १९८७ मध्ये ती बंद केली तेव्हा ती एकूण ४२० तास चालली होती. त्याच काळात सीमेपलीकडच्या डेन्मार्कमध्ये शेतीच्या ट्रॉल्या, टँकर आणि तुषार सिंचनाची यंत्रे बनवणारे छोटे कारखाने ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या विकत होते. त्यांचा व्यास जेमतेम १५ मीटर होता, पण त्या चालत होत्या आणि पुढे याच कारखान्यांमधून जगभरचा पवनऊर्जा उद्योग उभा राहिला.

याचे कारण ‘लहान ते चांगले’ एवढ्यावर संपवले जाते. ते पटणारे नाही. अमेरिकेतही त्या वर्षांत लहान पवनचक्क्या बनवणारे अनेक कारखाने होते आणि त्यातले बहुतेक बुडाले. डेन्मार्कचे वेगळेपण दुसरीकडे होते. तिथे यंत्र मोडले की ती बातमी यंत्र बनवणाऱ्याला लवकर कळत असे, इतर सगळ्या बनवणाऱ्यांनाही कळत असे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढचे यंत्र विकता येत नसे. हरित स्थित्यंतरासाठी, म्हणजे स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यासाठी, ‘सहभागी रचना-संशोधन’ हवे, म्हणजे यंत्र घडवताना ते वापरणाऱ्यांना सामील करून घ्यावे, असे आज सगळीकडे म्हटले जाते. त्यात बरेचदा कार्यशाळा होतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात आणि अहवाल निघतो. डेन्मार्कमध्ये १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत जे घडले त्याला कुणी हे नाव दिले नव्हते, पण हे त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

हाताशी काय होते

१९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. सरकार आणि वीज कंपन्यांचा कल अणुऊर्जेकडे होता. त्याविरुद्ध १९७४ पासून मोठी नागरी चळवळ उभी राहिली. नुसता विरोध पुरेसा नाही, पर्याय चालवून दाखवला पाहिजे, असे त्यातल्या अनेकांना वाटत होते. १९७५ मध्ये नूतनशील ऊर्जेची संघटना स्थापन झाली आणि तिच्या मेळाव्यांना सुतार, लोहार, शेतकरी, शिक्षक आणि अभियंते एकत्र येऊ लागले. कुणी नवे यंत्र बनवले तर ते सगळ्यांसमोर उघडून दाखवायचे, अशी तिथली पद्धत होती.

रचना मात्र शून्यातून करावी लागली नाही. योहानेस यूल या वीज कंपनीतल्या अभियंत्याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली होती. तिला तीन पाती होती, व्यास २४ मीटर होता, आणि चक्र मनोऱ्याच्या पुढे, वाऱ्याकडे तोंड करून असे. ते मिनिटाला ३० फेरे घेई, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ३८ मीटर. १९६७ पर्यंत ती फारशी देखभाल न लागता चालली. तेल स्वस्त असल्यामुळे ती बंद ठेवली गेली. तिची मूळ कल्पना समजून घेतली नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही.

वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. म्हणून वीज कशी काढावी यापेक्षा वादळात जास्तीची शक्ती कशी सोडून द्यावी, हा पवनचक्कीचा खरा प्रश्न आहे. मोठ्या प्रकल्पांचा भर पाती त्यांच्या अक्षाभोवती वळवण्यावर होता. त्यासाठी चक्राच्या मध्यभागी बेअरिंग, दांडे, हायड्रॉलिक्स आणि नियंत्रण यंत्रणा लागते. यूलने पाती घट्ट बसवली. पाते ठरावीक वेगाने फिरत असताना वारा वाढला की त्यावर येणाऱ्या हवेचा कोन वाढतो. एका मर्यादेनंतर हवा पात्याच्या पाठीला धरून वाहत नाही, सुटते, आणि उचल, म्हणजे पात्याला फिरवणारे बल, घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. विमानाला जो धोका, तो इथे नियंत्रणाच्या कामी येतो, आणि त्यासाठी एकही हलणारा भाग लागत नाही.

यात एकच अट आहे: चक्राचा वेग स्थिर राहिला पाहिजे. ते काम ग्रिडला जोडलेले इंडक्शन जनित्र करते. हे जनित्र म्हणजे विहिरीवर असते तशी थ्री-फेज मोटरच. चार पोलची मोटर ५० हर्ट्झच्या ग्रिडवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित खाली फिरते. तिला बाहेरून ढकलून १५०० च्या किंचित वर नेले की ती वीज घेण्याऐवजी देऊ लागते. ग्रिडची वारंवारता तिला त्या वेगाला बांधून ठेवते.

डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या क्रिस्टियान रीसेगर या सुताराने १९७५-७६ मध्ये हीच रचना लहान आकारात केली. लाकडी पाती, बाजारात मिळणारे गिअर आणि बेअरिंग, आणि २२ किलोवॅटचे जनित्र, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबात ३० एचपीची मोटर. यंत्र चालले आणि त्याला गिऱ्हाइके मिळाली. यातला प्रत्येक भाग तालुक्याच्या गावी बदलून मिळण्यासारखा होता. पहिल्या ग्राहकांना रचना आवडली त्यामागे हे मोठे कारण होते.

ब्रेक

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग ब्रेकचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

स्टॉलवर चालणाऱ्या यंत्राचा कमकुवत दुवा म्हणजे ग्रिड. वादळ येते, कुठेतरी तार तुटते, पुरवठा जातो. जनित्राला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि चक्र काही सेकंदांत सुसाट सुटते. इथे एक वाईट गोष्ट घडते. पात्याचा वेग वाढला की त्यावर येणाऱ्या हवेचा कोन पुन्हा कमी होतो, म्हणजे स्टॉल नाहीसा होतो आणि पाते आणखी जोराने ओढू लागते. ज्या गुणावर सगळी भिस्त होती तोच नेमक्या वेळी जातो. वेग दुप्पट झाला की पात्याच्या मुळावरचा अपकेंद्री ताण चौपट होतो, आणि पाती उडतात.

सुरुवातीच्या बनवणाऱ्यांनी डिस्क ब्रेक बसवला होता, तोही गिअरबॉक्सनंतरच्या, जनित्राकडे जाणाऱ्या वेगवान दंडावर (शाफ्टवर). त्यांचा हिशेब सरळ होता. वेगवान दंडावर पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, कमी असतो, त्यामुळे ब्रेक लहान आणि स्वस्त होतो. पण गिअरचा दात तुटला किंवा जोडणी निसटली तर ब्रेक दंडाला घट्ट धरून बसतो आणि चक्र मात्र मोकळे फिरत राहते. जनित्राकडून येणारा रोध आणि ब्रेक, दोन्ही एकाच साखळीच्या टोकाला होते. त्यामुळे कागदावर दोन संरक्षणे दिसत असली तरी प्रत्यक्षात एकच होते.

चक्र सुसाट सुटून अपघात झाले तेव्हा त्यांची चर्चा मेळाव्यांत उघडपणे झाली. यूलने गेडसरला पात्यांच्या टोकांशी हवेचे ब्रेक बसवले होते, ते काहींना आठवले. पाती बनवणारे एरिक ग्रोव्ह-नीलसन यांनी फायबरग्लासच्या पात्यांसाठी तसे टोक तयार केले. पात्याचा बाहेरचा तुकडा एका दांड्यावर बसवलेला असतो आणि स्प्रिंग त्याला जागी धरते. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अपकेंद्री बल स्प्रिंगवर मात करते. टोक थोडे बाहेर सरकते आणि आटे असलेल्या खाचेतून सरकताना आडवे वळते. त्या आडव्या टोकाला हवेचा विरोध होऊन चक्राचा वेग उतरतो. याला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही, आणि गिअरबॉक्स शाबूत आहे की नाही याच्याशीही त्याचा संबंध नाही. तिन्ही टोके बरोबर उघडली पाहिजेत ही त्यातली अडचण होती. एक अडकले तर चक्राचा तोल जातो आणि सगळा मनोरा हादरतो. पुढच्या पिढीत टोके हायड्रॉलिक दाबाने धरून ठेवली गेली. दाब गेला की ती आपोआप उघडतात, म्हणजे बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला होतो.

आता सहभागाचा मुद्दा. १९७८ च्या मे महिन्यात पवनचक्की मालकांनी आपली संघटना स्थापन केली होती. हे लोक यंत्राच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर झोपत होते. प्रत्येक यंत्राला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेक यंत्रणा हव्यात, त्यातली एक थेट चक्रावर, ही मागणी त्यांनी लावून धरली, आणि यंत्रांना मान्यता देणाऱ्या चाचणी केंद्राने (त्याची गोष्ट पुढे येते) ती मान्यतेची अट केली. बनवणाऱ्यांना खर्च वाढला. पण अट सगळ्यांना सारखी होती, त्यामुळे ब्रेक वगळून स्वस्तात विकण्याची वाट कुणालाच राहिली नाही. वापरणाऱ्याचे म्हणणे यंत्राच्या आराखड्यात उतरले ते या मार्गाने.

मान्यता देणारी प्रयोगशाळा

चाचणी केंद्र १९७८ मध्ये रिसो येथे सुरू झाले. रिसो ही डेन्मार्कची अणुसंशोधन संस्था होती, हा योगायोग गमतीचा आहे. केंद्राला तात्पुरता निधी होता आणि माणसे मोजकी होती. आपण उद्योगाच्या उपयोगी पडलो नाही तर दुकान बंद होणार, हे त्यांना ठाऊक होते. १९७९ मध्ये सरकारने पवनचक्कीच्या किमतीवर ३० टक्के अनुदान जाहीर केले, पण ते रिसोची मान्यता असलेल्या मॉडेललाच मिळणार होते. या एका अटीमुळे केंद्राच्या हाती मोठी सत्ता आली. तिचा वापर त्यांनी कसा केला, हे पाहण्यासारखे आहे.

परीक्षा घेऊन नापास करणे हा एक मार्ग होता. केंद्रातले हेल्गे पेटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घेतला नाही. बनवणारा आराखडा घेऊन आला की ते त्याच्याबरोबर बसून पाते, दंड, मनोरा आणि पायावरचे भार मोजत. भार मोजण्याचे सोपे नियम त्यांनी तयार केले. संगणक नसलेल्या वर्कशॉपमध्येही ते वापरता येत. मग प्रत्यक्ष यंत्रावर मोजणी होई: शेजारी उभ्या केलेल्या खांबावर, चक्राच्या मध्याएवढ्या उंचीवर वेगमापक, आणि इकडे जनित्राची शक्ती. दोन्हींच्या थोड्या थोड्या वेळाच्या सरासऱ्या काढून वाऱ्याच्या वेगाप्रमाणे गट पाडले की यंत्राचा शक्ती-वक्र मिळतो. बनवणारा सांगतो ती शक्ती आणि यंत्र देते ती शक्ती यातला फरक त्यात उघडा पडतो. एका कारखान्याच्या यंत्रात सापडलेला दोष दुसऱ्याच्या आराखड्यात दिसला तर केंद्र तो आधीच दाखवून देई. ज्ञान गुपित ठेवण्याची सोय त्यामुळे फारशी उरली नाही. स्पर्धक असलेल्या कारखान्यांना ते कधीकधी बोचलेही असणार.

याच संस्थेच्या हवामान विभागाने १९८० च्या सुमारास देशाचा पवन-नकाशा तयार केला. भूभागाच्या खडबडीतपणाचे चार वर्ग केले: पाण्याला शून्य, झाडी आणि घरांच्या दाट भागाला तीन. शेतकऱ्याने आपल्या शिवाराभोवती काय आहे ते पाहून वर्ग ठरवायचा आणि तक्त्यातून वर्षाला किती युनिट मिळतील ते काढायचे. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

आकडे छापणारे मासिक

मालकांच्या संघटनेचे ‘नातुर्लिग एनेर्गी’ हे मासिक होते. त्यात महिन्यागणिक यंत्रनिहाय उत्पादनाचे आकडे छापून येत: मॉडेल कोणते, जागा कोणती, युनिट किती. बिघाडांचीही चर्चा असे. नवा ग्राहक कारखान्याचे पत्रक बाजूला ठेवून आधी हा तक्ता उघडत असे.

आकडे छापणे सोपे वाटते, पण ते तुलना करण्याजोगे असावे लागतात. त्यासाठी दोन गोष्टी केल्या गेल्या. पहिली, उत्पादन जनित्राच्या किलोवॅटवर न मोजता चक्राने झाडलेल्या क्षेत्रफळावर मोजायचे. १० मीटर व्यासाचे चक्र ७८.५ चौरस मीटर झाडते, १५ मीटरचे १७७ चौरस मीटर. समजा मोठ्या यंत्राने वर्षाला १ लाख युनिट दिले, तर चौरस मीटरला ५६५ युनिट पडले. जनित्रावर ‘५५’ ऐवजी ‘७५’ लिहून यंत्र मोठे दाखवण्याची चाल इथे चालत नाही, कारण वारा चक्र पकडते, जनित्र नव्हे. दुसरी, महिन्याचा वारा सरासरीच्या तुलनेत किती होता याचा निर्देशांक. सरासरी महिना म्हणजे १००. निर्देशांक ७० असताना यंत्राने कमी वीज दिली तर दोष वाऱ्याचा, १०५ असताना दिली तर यंत्राचा. हा निर्देशांक नसता तर प्रत्येक तक्रारीला ‘यंदा वारा नव्हता’ असे उत्तर मिळाले असते.

१९८०-८१ मध्ये ५५ किलोवॅटची पिढी आली आणि युनिटचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. कारखाने नवे नव्हते. वेस्टास शेतीच्या ट्रॉल्या आणि हायड्रॉलिक क्रेन बनवत असे. कार्ल एरिक यॉर्गनसन हा लोहार आणि हेन्रिक स्टीसडाल हा विद्यार्थी यांनी मिळून केलेला आराखडा वेस्टासने १९७९ मध्ये परवान्यावर घेतला. नॉर्डटँक टँकर बनवत असे. पत्रा गोल वळवून जोडायचे कौशल्य त्यांच्याकडे होतेच, म्हणून त्यांनी जाळीच्या मनोऱ्याऐवजी नळीसारखा पोलादी मनोरा आणला. डॅनरेन तुषार सिंचनाची साधने करीत असे, त्यातून ‘बोनस’ निघाली.

पात्यांचे ज्ञान आणखी वेगळ्या वाटेने आले. उल्फबोर्गजवळ त्विन्द येथील शाळांचे शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी १९७५ ते १९७८ मध्ये ५४ मीटर व्यासाची, २ मेगावॅटची पवनचक्की स्वतः बांधली. बरेच भाग त्यांनी जुन्या बाजारातून आणले. पात्याचे मूळ कसे बांधावे हे त्यांनी जर्मन अभियंता उलरिख ह्यूटर यांच्या पद्धतीवरून घेतले: काचतंतूंच्या सलग दोऱ्या पोलादी कडीतल्या बुशभोवती (धातूच्या छोट्या नळीभोवती) वळसा घालून परत पात्यात न्यायच्या. त्यामुळे सगळा भार नुसत्या चिकटवलेल्या सांध्यावर न येता तंतूंच्या ताणावर येतो. ही पद्धत त्यांनी दडवली नाही. लहान पाती बनवणाऱ्यांनी ती उचलली.

दोरी लांबली तेव्हा

ही सगळी व्यवस्था जवळिकीवर उभी होती, आणि ती किती नाजूक आहे हे डॅनिश यंत्रे कॅलिफोर्नियात गेली तेव्हा दिसले. तिथे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आणि राज्याच्या करसवलती मिळून गुंतवणुकीचा जवळपास निम्मा भाग वसूल होत असे. अल्टामाँट, तेहाचापी आणि सॅन गोर्गोनियो या खिंडींमध्ये हजारो यंत्रे उभी राहिली. अनुदान गुंतवणुकीवर होते. ते डेन्मार्कमध्येही गुंतवणुकीवरच होते. फरक मान्यतेच्या अटीचा आणि मालकाच्या हेतूचा होता. कॅलिफोर्नियातल्या यंत्राचा मालक दूरच्या शहरातला करदाता होता आणि यंत्र ३१ डिसेंबरच्या आत उभे राहणे त्याच्या दृष्टीने पुरेसे होते.

डॅनिश यंत्रे तिथल्या हलक्या, वेगवान अमेरिकी यंत्रांपेक्षा टिकली, पण त्यांनाही नवे आजार झाले. मंद वाऱ्यात कीटक पात्यांच्या पुढच्या कडेवर चिकटत. मग जोराचा वारा आला की पाते अपेक्षेआधीच स्टॉल होई आणि उत्पादन घटत असे. डेन्मार्कच्या पावसाळी हवेत पाती धुऊन निघत, त्यामुळे हा प्रश्न घरी असा समोर आलाच नव्हता. १९८५ च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारची सवलत संपली, मागणी कोसळली, आणि १९८६ मध्ये वेस्टासलाही दिवाळखोरीत जावे लागले. पुढच्या वर्षी ती फक्त पवनऊर्जेची कंपनी म्हणून पुन्हा उभी राहिली.

भारतातली पहिली पवनक्षेत्रे १९८६ मध्ये गुजरात, तमिळनाडू आणि आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर आली, तीही ५५ किलोवॅटच्या वेस्टास यंत्रांनीच. यंत्र आले, पण त्याला घडवणारी व्यवस्था त्याच्याबरोबर येणे शक्य नव्हते. चेन्नईचे पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र १९९८ मध्ये सुरू झाले आणि तमिळनाडूतल्या कायथर येथील चाचणी केंद्र डॅनिश मदतीने उभे राहिले. मधल्या वर्षांत खाजगी गुंतवणूक वाढली ती मुख्यतः वेगवान घसाऱ्याच्या (यंत्राची किंमत नफ्यातून लवकर वजा करू देणाऱ्या) करसवलतीवर, जी एके काळी १०० टक्के होती. ज्याच्या ताळेबंदात यंत्र, तो त्याच्या आवाजाच्या टप्प्यात राहत नव्हता. साताऱ्याच्या पठारावर किंवा अन्य कुठे नवा प्रकल्प आखताना ‘लोकसहभाग’ असा रकाना भरण्याआधी विचारायचा प्रश्न हाच आहे: यंत्र बंद पडल्याचा आकडा कोण लिहितो, तो कुठे छापला जातो, आणि तो वाचून कोणाचा आराखडा बदलतो?

डेन्मार्कमध्येही पुढे हे सूत्र सैल झाले. कोपनहेगनसमोर समुद्रात उभारलेल्या मिडलग्रुंडेन प्रकल्पात ते अजून जिवंत होते. मूळ आराखड्यात तीन रांगांत २७ यंत्रे होती. जनसुनावणीत समुद्राचे दृश्य बिघडते अशी हरकत आली. शेवटी एका वक्ररेषेत २० यंत्रे ठरली, प्रत्येकी २ मेगावॅट. २००० मध्ये ती सुरू झाली. निम्मी मालकी सुमारे ८,५०० सभासदांच्या सहकारी संस्थेची, वर्षाला १,००० युनिटचा एक वाटा ४,२५० डॅनिश क्रोनरला. पण जमिनीवरची यंत्रे वाढत गेली, मालक मोठे होत गेले आणि गावांचा विरोध वाढला. २००९ पासून लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक नव्या प्रकल्पाचे २० टक्के वाटे ४.५ किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणे सक्तीचे केले. विरोध त्याने थांबला नाही. वाटा हाती येईपर्यंत यंत्र कोणते, किती उंच आणि कुठे हे सगळे ठरलेले असे. २०२० मध्ये ती तरतूद रद्द झाली.